माझा ‘भ’ मी मुद्दाम चुकवते

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आजपासून रोजनिशी. हात क्रांतीचा, डोकं माझं.

क्रांती म्हणजे माझी नात. नानासोची थोरली. साताऱ्यात बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला गरम भाकरी मिळावी म्हणून मी, बयाबाई, कवठे महांकाळ सोडून इथं एका खोलीत येऊन राहिले. नानासो म्हणाला, आई, तुला तिथं करमायचं न्हाई. मी म्हटलं, करमायला कुठं चाललेय, मास्तरीण घडवायला चाललेय.

पोरीत मूळचं आहेच ते. आम्ही मेंढरं घेऊन तळ टाकायचो तेव्हा ही आठ वर्षांची. तळावरच्या सगळ्या बारक्यांना ओळीनं बसवायची आणि राखेत बोटानं आकडे काढून द्यायची. कोकरू मध्ये आलं तर त्यालाही बसवायची.

कॉलेजनं हिला रोज एक चिंतन लिहायला सांगितलंय. आज वर्गात काय केलं, काय वाटलं, काय शिकले. ही महिन्याचं चिंतन एका रविवारी बसून उरकते. दहा दिवस निळ्या पेनानं, दहा दिवस काळ्यानं, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, बाये, तुझ्यापरीस मीच जास्त चिंतन करते की. हे घे, लिव.

मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. लिहू दे. भाकरी तीच, कडा तेवढ्या कापल्यात.

ही वही कुणी वाचायची नाही. लिहिणारीनंही लिहून लगेच विसरायचं. बिरोबाची आण घातलीय.

निश्चय दोन. एक, क्रांतीला मास्तरीण करणारच. दोन, या वयात अक्षर शिकणार नाही. अडुसष्ट वर्षं अंगठ्यावर काढली, कुठं अडलं?

(आजीला वाचता येत नाही, म्हणून कंसातलं सगळं माझं. आण विसरायची घातलीय. मध्ये भर घालायची नाही, असं काही ठरलेलं नाही. — क्रांती)

२० सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेजात काय शिकवतात ते विचारलं. म्हणाली, सूक्ष्म अध्यापन. म्हणजे हिनं सहा मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्या घोड्यांनी सहावीतली पोरं होऊन समोर बसायचं. घड्याळ लावून. आज प्रश्न विचारायचं कौशल्य, उद्या फळ्यावर लिहायचं कौशल्य, परवा शाबासकी द्यायचं.

मी विचारलं, पोरं कुठायत? म्हणाली, पोरं नोव्हेंबरात.

आमच्यात मेंढरं राखायला शिकवायचं तर मेंढरं लागतात. मास्तरकीचं शास्त्र वेगळं असेल.

तिची मैत्रीण शिवांजली येऊन गेली. ती सहावीतलं मूल फार छान करते म्हणे. सगळ्या तिलाच पुढं बसवतात.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॉलेजचं नवीन फर्मान. प्रत्येकीनं एक निरक्षर माणूस शोधायचा आणि मार्चच्या साक्षरतेच्या परीक्षेला बसवायचा. शिवांजलीनं आमच्या घरमालकिणीची सासू धरली, राहीबाई. नवरा मिल्ट्रीत होता, मुलगा मिल्ट्रीत आहे, म्हणून ती चालतेही कवायत केल्यासारखी.

क्रांती माझ्याकडं बघत होती. मी तव्याकडं बघत होते.

शेवटी म्हणाली, आज्जे, तू नाही बसलीस तर माझं प्रोजेक्ट अडतं.

मी म्हटलं, बसते. पण शिकणार न्हाई.

ती म्हणाली, बसणं माझ्या पाठाच्या टाचणात येतं, शिकणं तुझ्या हातात.

निश्चय क्रमांक दोन शाबूत आहे. नुसतं बसायचं. बसायला काय, मी कीर्तनातही बसते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बसले. अठरा दिवस झाले. एक अक्षर ओळखीचं झालेलं नाही. यात माझा दोष नाही.

माझ्याकडं सहा विसा मेंढरं होती. एकूण एक चेहऱ्यानं ओळखायची. दुसऱ्याच्या कळपात माझं एक गेलं, तर लांबून सांगायची की ती बघा, खाली मान घालून लाजतीय ती माझी. आणि कुणी वाद घातला तर कानाला आमच्या घरची खाच असायचीच. अक्षरांना चेहराच नाही. सगळी एका दोरीला टांगलेली. कोण कुणाचं, कसं कळावं?

क्रांतीनं पाठाचं टाचण काढलं. उद्दिष्टं सात. माझ्यासाठी सात उद्दिष्टं! मला तर एकच होतं, की डाळ लागायच्या आत सुटका व्हावी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिला सराव पाठ. खऱ्या पोरांवर. मेढ्याकडच्या शाळेत. रात्र रात्र जागून तक्ता रंगवलेला, पाण्याचा थेंब ढगातून खाली आणि पुन्हा वर. मी पहाटे उठून शिरा केला. दृष्ट काढली.

संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच बसली.

झालं असं. त्या आठवड्यात त्याच वर्गावर तोच पाठ तीन जणींनी घेतला होता. ही चौथी. हिनं नियमाप्रमाणे सुरुवातीचे प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर सोनिया नावाची एक पोरगी उठली आणि म्हणाली, बाई, आज आपण जलचक्राचा अभ्यास करणार आहोत. पुढचं उत्तर मागच्या बाकानं दिलं. त्याच्या पुढचं पोरांनी एका सुरात. हिनं थेंब वर न्यायच्या आत पोरांनी ढग केला, पाऊस पाडला, नदी समुद्राला नेली. पस्तीस मिनिटांचा पाठ नवव्या मिनिटाला संपला.

मागं निरीक्षणाला कॉलेजचे राजवर्धन सर बसलेले. त्यांनी लाल पेनानं लिहिलं, हेतुकथन छात्राध्यापिकेऐवजी विद्यार्थिनीने केले. फळा पुसताना वर्गाकडे पाठ केली.

मी विचारलं, फळ्याकडं तोंड करून पुसताना पाठ कुणाकडं करायची असती?

ती हसली नाही. म्हणाली, मला वाटायचं मला शिकवायला आवडतं आज्जे. आता ते कुठं गेलं तेच कळंना.

शिवांजलीनं आजच कॉलेज सोडलं. सांगलीत मोबाईलच्या मोठ्या दुकानात लागली. तिथं बोलायचं असतं, म्हणे, आणि समोरचा ऐकतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज हिनंही तेच काढलं. सोडते म्हणाली. मी म्हटलं, आणि मी? मला अर्ध्यात टाकणार? ती म्हणाली, तुझं झालं की बघू.

इथं माझं डोकं चाललं. आमच्यात म्हणतात, कळप न्यायचा तर म्होरक्या बकरा धरावा. हिच्या मास्तरकीचा म्होरक्या मीच. मी शिकले की हिचं काम संपलं. मग ही सुटली, पळाली सांगलीला. म्हणून शिकायचं नाही. अर्धं शिकायचं. पुढं सरकतेय असं दाखवायचं आणि नेमकं मोक्याला चुकायचं. म्हणजे ही सोडणारही नाही आणि हिचं काम संपणारही नाही.

आजच सुरुवात केली. हिनं ‘भ’ दाखवला, मी ‘म’ म्हटलं. इतकं सहज म्हटलं की हिला संशयसुद्धा आला नाही.

(संशय आला नाही, कारण आजीला दीड महिन्यात एकदाही भ ओळखता आलेला नाही.)

८ डिसेंबर, रविवार

राहीबाई आता आमच्याच खोलीत शिकायला येते. शिवांजली गेल्यावर तिचं कोण? येताना पाटी काखेत, जशी बंदूक. क्रांतीनं अ म्हटलं की ही तीनदा अ म्हणते. मी तिच्याकडं बघून गालात हसते. बिचारी खरंच शिकतेय.

आज मात्र अघटित झालं. क्रांतीनं टाचण काढलंच नाही. तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि म्हणाली, आज्जे, अक्षराला चेहरा न्हाई म्हणतीस ना? तूच दे. हे काय दिसतं सांग.

मी बघितलं. तो ‘क’ होता. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी ओझं लादलेलं घोडं. आमचा संसार असाच जायचा, एका अंगाला भांडी, एका अंगाला बारकी पोरं.

आणि हा?

हा ‘ग’. बसलेलं कोकरू, शेजारी रोवलेली काठी.

राहीबाई म्हणाली, मला तर त्यात काहीच दिसत न्हाई. मी म्हटलं, दिसायला मेंढरं राखावी लागतात.

दोन तास गेले. डाळ करपली. क्रांती जमिनीवर पालथी पडून माझं बोलणं लिहून घेत होती, अगदी तळावर राखेत बोटं घालून बसायची तशी. ‘म’ म्हणजे वाघूर. मेंढरं कोंडायची जाळी, चारी बाजूंनी नीट बांधलेली. आणि ‘भ’ म्हणजे तीच वाघूर, फक्त वरनं एका कोपऱ्यात सुटलेली. तिथनं लांडगा शिरणार.

आता चुकणं अवघड होत चाललंय. तरी मी हिमतीनं रोज दोनदा भ चुकवते.

(रोज सात-आठदा. पण आज मी चिंतनाच्या वहीत खरंखुरं एक पान लिहिलं.)

९ जानेवारी २०२५, गुरुवार

उद्या क्रांतीचा मोठा पाठ म्हणून आज औंधला यमाईला जायचं ठरवलं होतं. पण पाठ आजच आहे हे ती निघून गेल्यावर राहीबाईकडून कळलं. म्हटलं, दर्शन तरी पाठाच्या आत पोचू दे. एकटी स्टँडवर गेले. राहीबाई म्हणाली, विचारून बसा हो. मी विचारत नसते. मी गाडी चेहऱ्यानं ओळखते. मागच्या वेळी औंधच्या गाडीला पुढं डाव्या बाजूला पोचा होता. आजही होता. बसले.

गाडी वर चढायला लागली, थंडी वाजायला लागली, घोंगडी घट्ट केली. औंधला इतका डोंगर कुठनं आला? कंडक्टरला विचारायचा प्रश्नच नव्हता; तिकीटसुद्धा ‘शेवटच्या थांब्याचं द्या’ म्हणून काढलेलं. शेवटी उतरले ते मेढ्यात.

आता लोक म्हणतील चुकली. चुकले नाही. देवीनंच वळवलं. तिला कळलं की दर्शनापेक्षा माझी गरज शाळेत आहे.

(गाडीवर ‘मेढा’ एवढंच लिहिलं होतं. दोन अक्षरं. दोन्ही आजीची झालेली होती.)

त्याच दिवशी, संध्याकाळी

पुढचं सांगायचं राहिलं.

विचारत विचारत शाळेत पोचले. क्रांती फळ्यापाशी, विषय लोकर. तक्त्यावर एक मेंढी काढलेली, तिचा कान घोड्याचा. मागच्या बाकावर राजवर्धन सर, हातात ते लाल पेन. पोरं तोंडाला कुलूप लावून बसलेली. मी दारातनंच म्हटलं, अगं, त्या मेंढीचा कान बघ की.

वर्ग वळला. सोनिया, तीच ती हेतुकथन करणारी, म्हणाली, आजी, तुमची घोंगडी खरी हाय का?

मग काय. घोंगडी उतरवून पसरली. पोरं तिच्यावर. कोण हुंगतंय, कोण ओढून बघतंय. लोकर कातरतात कशी, दुखतं का मेंढीला, चावते का. क्रांतीनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि टाचण मिटून टेबलावर ठेवलं. खडू घेतला आणि पोरं काय विचारतील ते फळ्यावर लिहीत गेली. शेवटी म्हणाली, आता यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आजीलाही माहीत न्हाई ते शोधूया. घंटा झाली तरी कुणी उठेना. पुढच्या तासाचे मास्तर दारात उभे.

सर लिहीतच होते. लिहीत होते म्हणजे चांगलंच असणार, वाईट लिहायला इतका वेळ लागत नाही.

येताना एसटीत क्रांती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. हसता हसता म्हणाली, आज्जे, सोनियानं मला शेवटी काय विचारलं म्हाईताय? बाई, तुम्ही उद्या पण याल का?

मी विचारलं, मार्क किती? म्हणाली, भरपूर.

निश्चय क्रमांक एक जवळजवळ तडीला गेला. श्रेय कुणाचं ते लिहायची गरज नाही. तरी लिही.

(दहापैकी चार. शेरा : पाठ नियोजनाबाहेर गेला. अनधिकृत व्यक्तीचा वर्गात प्रवेश.)

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राहीबाई लोणच्याच्या बरणीवरचं वाचते. दुकानाच्या पाट्या वाचते. काल पोराचा लडाखहून मेसेज आला तो तिनं एकटीनं वाचला आणि जिन्यात बसून रडली. मी म्हटलं, रडायचंच होतं तर वाचायचं कशाला?

ती म्हणाली, बयाबाई, तुमचं कुठवर आलं?

मी म्हटलं, माझं वेगळं आहे.

ती लय गोड हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

(शिवांजलीच्या दुकानातून फोन होता. माझीही जागा आहे म्हणतात, एक एप्रिलपासून सांगलीला या. पुढच्या पाठाला सर पुन्हा तेच असणार. मी हो म्हणून टाकलं. आजीला सांगितलेलं नाही. इथं लिहिलं, म्हणजे सांगितल्यासारखंच.)

२० मार्च, गुरुवार

परीक्षा रविवारी. खूप चिंतन केलं. चुकायचा डाव आता पुरे. राहीबाईच्या हसण्यानंतर तर पुरेच. रविवारी खरं रूप दाखवायचं. सगळं लिहायचं, सगळं वाचायचं, भ सुद्धा. सगळ्यांनी तोंडात बोट घालायचं आणि मग मी क्रांतीला सांगायचं, बाये, मला पहिल्यापासून येत होतं, तुझ्यासाठी थांबले होते.

२३ मार्च, रविवार

परीक्षा दिली.

बाकावर बसले तर गुडघे वर येत होते. बाक सहावीच्या मापाचं. शेजारी राहीबाई, दोन पेनं, एक पट्टी.

आकडे : एकदम बरोबर. विसांनी मोजत आले आयुष्यभर.

वाचन : कागदावर भाजीवाल्या बाईची गोष्ट होती. पहिल्याच शब्दाला थांबले. वाघूर बांधलेली का सुटलेली, दिसेना. खिडकीतनं ऊन कागदावर पडत होतं. असल्या उन्हात कुणाला दिसतं?

लेखन : पाच प्राण्यांची नावं लिहा. लिहिली. काळी, बांडी, मोरी, शिंगी, राजा. माझ्या शेवटच्या कळपातली, पहिली पाच. लिहायला वेळ लागला, पण तो त्यांची आठवण झाली म्हणून.

बाहेर आल्यावर राहीबाईला विचारलं, तू काय लिहिलंस? म्हणाली, गाय, बैल, म्हैस, शेळी, कुत्रा. मी म्हटलं, अगं, नावं विचारली होती! गाय हे काय नाव झालं का? माणसाचं नाव विचारलं तर तू ‘माणूस’ लिहिणार?

क्रांती रस्त्यातच खाली बसली. आधी हसली, मग डोळे पुसले. मी म्हटलं, पास होणार म्हणून आत्तापासून रडतीस?

१ एप्रिल, मंगळवार

क्रांती आज विचित्र वागली. सकाळी पिशवी भरली, दुपारी रिकामी केली. तीनदा फोन वाजला, तीनदा कापला. मग माझ्यासमोर येऊन बसली, पाटी घेतली आणि म्हणाली, काढ भ.

मी म्हटलं, परीक्षा झाली की गं.

ती म्हणाली, परीक्षा झाली, भ कुठं झाला?

उन्हाळा फार आहे. पोरीच्या डोक्याला लागला असावा.

(आज मी सांगलीत असायला हवी होते.)

१९ मे, सोमवार

निकाल. राहीबाई उत्तीर्ण. मालकिणीनं साऱ्या गल्लीत पेढे वाटले. मलाही दोन.

माझ्यापुढं लिहिलंय, सुधारणा आवश्यक.

कुणाची सुधारणा, ते लिहिलेलं नाही. माझ्या मते पेपर काढणाऱ्याची. ज्याला प्राण्याचं नाव आणि प्राण्याची जात यातला फरक कळत नाही, त्यानं आधी चार दिवस मेंढरं राखून यावं. मी पुन्हा बसणार नाही. निश्चय क्रमांक दोन पहिल्या दिवसापासून होताच, तो मी पाळून दाखवला.

क्रांती म्हणाली, आज्जे, परीक्षा राहू दे. तुला आवडंल ते वाच रोज थोडं.

मी म्हटलं, मला आवडंल असं जगात काही लिहिलेलंच न्हाई. माझी वही सोडून.

८ जून, रविवार

ह्ये मी लिवलं. मी. हात बी माजा. आठ दिस लागलं.

वाचाया म्हून हीच वही घेतली. समदं माजंच बोलनं. पाठ हाय, सोपं जाईल म्हनलं. गेलं बी. मग कंस आला. त्यो मी सांगितलाच नव्हता. तवा एक एक अक्षर धरून बसले.

समदं कंस वाचलं. मेढा कळलं. दहापैकी चार कळलं. सांगलीचं दुकान कळलं.

क्रांतीला इचारलं, गेली का न्हाईस गं? म्हनली, तुजा भ ऱ्हायला हुता. त्यो टाकून कशी जाऊ?

म्हंजी डाव जमला. पर डाव नव्हताच. मला खरंच येत नव्हतं.

तरीबी मास्तरीण मीच केली. आता कंसात काय लिवायचं त्ये लिव. मी वाचनार हाय.

(दहापैकी चार.)